टेटूचं बी आणि जुहूचं बेट

ये माय, बस इथे माझ्याजवळ. मुठीत काय आहे ते दाखव. अशी घट्ट नको धरूस, चुरगळेल. तळहातावर ठेव.

हे टेटूचं बी. नाल्याच्या काठी ते सडपातळ झाड आहे ना, पानं झडल्यावर तलवारी टांगल्यासारखं दिसणारं, त्याच्या शेंगेतून पडलं हे. पावसाळ्यात त्याला रात्री फुलं येतात, मोठी, उग्र वासाची. वटवाघळं त्या वासानं येतात, फुलात तोंड घालतात आणि परागकण या झाडाचे त्या झाडाला नेतात. तेव्हा कुठे या हातभर लांब शेंगा धरतात. मोहफुलं वेचायचे दिवस आले की शेंग वाळून दोन फाकांत उकलते. आत बिया एकीवर एक रचलेल्या असतात, वहीची पानं असावीत तशा. वैदूला या झाडाची मुळी हवी असते, कारण दशमुळात ती लागते. मला मात्र जन्मभर या बियांचंच वेड.

उजेडासमोर धर. मधे चपटा दाणा. त्याच्या भोवती पापुद्रा, कांद्याच्या आतल्या सालीसारखा, पलीकडचं बोट दिसावं इतका पातळ. आता ओट्यावर उभी राहा आणि हळूच सोड.

"आबा, हे तं पडतच नाही!"

पडतं, पण घाई करत नाही. बघ, गिरकी घेत तुळशीपाशी गेलं. आता दुसरं घे आणि त्याच्या एका बाजूचा पापुद्रा फाडून टाक. सोड. पाहिलंस? भेलकांडत तुझ्या पायाशीच आलं. वजन तर कमी झालं होतं, मग ते आणखी हळू यायला हवं होतं की नाही? तसं झालं नाही, कारण त्याचा तोल गेला. दाण्याचं वजन खाली ओढतं, पापुद्र्याखालची हवा वर उचलून धरते. या दोन्ही ओढी नेमक्या जागी आल्या, तर बी हवेवरून घसरत जातं. जरा इकडेतिकडे झाल्या की कोलांट्या. उडण्यातलं अर्धं शास्त्र तुझ्या या तळहातावर आहे.

आता तुला बेटांवरची गोष्ट सांगतो. जावा आणि त्याच्या आसपासच्या बेटांवर भोपळ्याच्या कुळातला एक वेल उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत चढतो. त्याला भोपळ्याएवढं फळ लागतं. ते वाळलं की खालून उघडतं आणि एकेक बी बाहेर निसटतं. टेटूसारखंच, पण त्याहून मोठ्या पंखांचं. पंख थोडे मागे वळलेले, टोकं किंचित वर उचललेली. हे बी गिरकीसुद्धा न घेता सरळ तरंगत जातं. एक हात खाली येईपर्यंत तीन-चार हात पुढे सरकतं.

जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये फ्रीडरिश आलबोर्न नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी या बियाचं तरंगणं बारकाईनं पाहिलं आणि १८९७ मध्ये त्यावर लिहिलं. ते लिखाण ऑस्ट्रियाच्या इगो एट्रिच या तरुणाच्या हाती पडलं. त्याच्या वडिलांचा कापडाचा कारखाना होता आणि बापलेक दोघंही उडण्याच्या नादानं झपाटलेले. आदल्याच वर्षी, १८९६ मध्ये, ऑटो लिलिएंथाल हा उडण्याच्या प्रयोगांतला मोठा माणूस आपल्याच ग्लायडरमधून, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानातून, पडून गेला होता. त्याची ग्लायडरं एट्रिचच्या वडिलांनी विकत घेतली होती. त्यांना हवा होता तोल, आणि तो त्यांना बेटावरच्या बियात सापडला. फ्रान्झ वेल्स या सोबत्याबरोबर एट्रिचनं त्या बियाच्या आकाराचं शेपटी नसलेलं ग्लायडर बांधलं, आणि १९०६ मध्ये ते माणूस घेऊन तरंगलं. पुढे त्यावरूनच त्याचं विमान झालं, नाव 'टाउबे', म्हणजे कबुतर. १९११ मध्ये लिबियातल्या लढाईत विमानातून माणसांवर पहिल्यांदा बॉम्ब टाकले गेले, ते याच कबुतरातून. झाडानं आपली लेकरं दूर रुजावीत म्हणून केलेली युक्ती माणसानं कुठे नेली! मला अजून त्याचं वाईट वाटतं.

पण विमानानं चांगली कामंही केली, आणि त्यातलं एक आपल्या महाराष्ट्रातल्या बेटावर झालं. मुंबईचं जुहू ठाऊक आहे ना? ते पूर्वी वेगळं बेटच होतं, साष्टी बेटाच्या पश्चिमेला वाळूचा एक लांबट, बसका पट्टा. ओहोटीला चालत जावं, भरतीला पाणी. तिथे १९२८ मध्ये विमानतळ झाला. विमानतळ म्हणजे चंद्रपूरचा बसस्टँड डोळ्यांपुढे आणू नकोस. चिखलाचं सपाट मैदान आणि झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीहून जेआरडी टाटा एका इवल्याशा विमानात एकटे निघाले. विमानाचं नाव पस मॉथ. मॉथ म्हणजे पाकोळी, दिव्याभोवती घिरट्या घालते ती. पुढे एकच इंजिन आणि लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेले पंख.

"सागाचं लाकूड होय का, आबा?"

नाही गं. आपल्या आलापल्लीचा साग शंभर वर्षं टिकेल, पण पंखाला तो जड. स्प्रूस नावाचं हलकं लाकूड वापरत. विमानात पंचवीस किलो टपाल होतं. लंडनहून विमानानं कराचीपर्यंत आलेली पत्रं होती ती. रेडिओ नाही, वाट दाखवणारं कोणी नाही. डोळ्यांवर गॉगल आणि हिशेबाला स्लाइड रूल. खाली किनारा, नदी, रेल्वेचे रूळ ओळखत जायचं. अहमदाबादला उतरले तर पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते! मला या साऱ्या गोष्टीत ती बैलगाडीच जास्त आवडते. तिनं आणलेलं पेट्रोल पिऊन पाकोळी पुन्हा उडाली आणि दुपारी दोनच्या आत जुहूला उतरली. पुढचं टपाल त्यांचे सहकारी नेव्हिल विन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. आपल्या देशाची विमानसेवा सुरू झाली ती अशी.

पावसाळ्यात काय करत असतील? जूनमध्ये भरती आली की जुहूचं मैदान समुद्राच्या पातळीखाली जाई. मग सगळा बाडबिस्तरा, म्हणजे दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक, पुण्याला. तिथे येरवडा तुरुंगाच्या सावलीतल्या एका मैदानावरून उडायचं. पाऊस सरला की परत बेटावर. रोवणीला घर सोडून शेतातल्या झोपडीत राहायला जाणारी माणसं तू पाहिलीस, तसंच ते.

आता वर बघ. ते घिरट्या घालतंय ना, ते गिधाड. पंख हलवतंय का? दहा वाजून गेले, उघडी जमीन तापली. तिच्यावरची हवा तापली की हलकी होऊन वर चढते, चुलीवरचा धूर चढतो तशी. अशा चढत्या हवेचा एक अदृश्य खांबच उभा राहतो. गिधाड त्या खांबातच गोल गोल फिरत राहतं, म्हणजे हवाच त्याला वर घेऊन जाते. पुरेसं उंच गेलं की पुढच्या खांबाकडे घसरत जायचं. म्हणून गिधाड भल्या पहाटे उडत नाही, फांदीवर ऊन चढायची वाट पाहतं. छोट्या विमानाला हेच खांब दुपारी खाली-वर हिंदकळवतात. ज्या हवेनं पक्षी तरतो, तिनंच वैमानिकाचा घाम निघतो.

माझ्या लहानपणी मेलेल्या ढोराभोवती गिधाडांची पंगत बसायची. मग गुरांना टोचायच्या डायक्लोफिनॅक या औषधानं ती गेली. ते औषध अंगात असलेलं ढोर खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. आपल्या गडचिरोलीत वनखात्यानं गिधाडांसाठी उपाहारगृहं केली, म्हणजे मेलेली ढोरं टाकायच्या जागा. २०२४ मध्ये ताडोबाच्या बोटेझरीतून हरियाणातल्या पिंजोरला वाढवलेली गिधाडं पाठीवर ठावठिकाणा सांगणारं यंत्र बांधून सोडली, आणि त्यातलं एक तर थेट तमिळनाडूपर्यंत गेलं. इंजिन नाही, बैलगाडीतलं पेट्रोलही नाही.

आणि टपालाचं म्हणशील तर ते आपल्याकडेही आलं. ३० जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशी चार दिशांची चार विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगावला जमत, थैल्यांची अदलाबदल करत आणि उजाडायच्या आत परत फिरत. मुंबईच्या मामाचं पत्र आलं की मी पाकिटाचा वास घेऊन बघायचो, समुद्राचा येतो का म्हणून.

गडचिरोली वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जेआरडी पुन्हा कराचीहून लहानशा जुन्या विमानात बसून जुहूला आले. पन्नास वर्षं झाली होती आणि त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. माझ्या आजच्या वयाहून चारच वर्षं कमी.

चल, आपणही एक करू. वहीचं मधलं पान काढ. पातळ आहे, चालेल. लांबट पट्टी काप आणि टोकं जराशी वर मुडप. सोड... कोलांटी मारली ना? आता हा धावड्याचा डिंक घे, हरभऱ्याएवढा, पुढच्या काठावर मधोमध चिकटव. जास्त झाला, नाक खुपसेल, थोडा काढ. मागचा काठ नखानं किंचित वर कर. हां, आता फेकू नकोस, नुसती सोड.

तुळस ओलांडली... कुंपण ओलांडलं... माय, धाव, शेळ्यांच्या गोठ्यावर उतरली बघ ती! कौलावर चढू नकोस, थांब, मी काठी आणतो.