वाघ, जंगल आणि पोटाचा प्रश्न

माजरी म्हटले की लोकांना रेल्वेचे जंक्शन आणि कोळशाच्या खाणी आठवतात. माझे वडीलही खाणीतच कामाला आहेत. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पण आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाचे जंगल आहे आणि तेथे वाघ पाहण्यासाठी परदेशातूनही प्रवासी येतात. या पर्यटनाची वाढ कशी झाली व त्यातून स्थानिकांच्या पदरी काय पडते, हे थोडक्यात पाहू.

तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला, अशी आख्यायिका आहे. तलावाकाठी त्याचे देवस्थान आहे आणि त्यावरूनच ताडोबा हे नाव पडले, असे सांगतात. १९५५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य घोषित झाले व १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. २०१० साली भोवताली बफर क्षेत्र आखले गेले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातील पर्यटन काही महिने थांबविले. पुढे त्या क्षेत्राचा जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटनासाठी वापरावा, असे ठरले.

आता प्राप्तीचा विचार करू. प्रत्येक जिप्सीत गाईड घ्यावाच लागतो आणि हे गाईड आसपासच्या गावांतले असतात. मोहर्ली, आगरझरी, कोलारा येथील तरुणांना असा रोजगार मिळाला. कालपर्यंत ज्याला जंगलाची माहिती म्हणजे अडाणीपणा वाटे, त्याच माहितीचे आज पैसे मिळतात! परंतु मोठे रिसॉर्ट उभारायला भांडवल लागते आणि ते गावकऱ्यांकडे नसते. वाघांसाठी बोटेझरीसारखी गावे उठली. उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपत्ता वेचायला जाणाऱ्यांच्या जिवाला आजही धोका आहे. पाहुणा वाघ पाहून परततो. गावकऱ्याला मात्र वाघाशेजारीच राहायचे असते.

कोळसा एकदा काढला की संपतो. खाण बंद पडली की गावाची रया जाते, ही धास्ती आम्ही खाणकामगारांची मुले जाणतो. जंगलाचे तसे नाही. ते राखले तर पिढ्यान्‌पिढ्या पोसेल. मात्र त्यासाठी जंगल राखणाऱ्याला गाईडच्या रोजीबरोबरच धंद्यात भागीदारीही मिळाली पाहिजे. नाहीतर पर्यटन हीदेखील एक खाणच ठरेल: माल बाहेर जाईल आणि खड्डा तेवढा आपल्या वाट्याला येईल.