फिरता परवाना

वाचनालयात एखाद्या ग्रंथाच्या ५ प्रती असल्या, तर एका वेळी पाचच वाचक तो घरी नेऊ शकतात. सहाव्यास थांबावे लागते. तरीही सभासद ५०० आहेत म्हणून तितक्या प्रती कोणी विकत घेत नाही. मोठ्या कार्यालयांतून महागड्या संगणक-आज्ञावलींचा वापर पुष्कळदा याच तत्त्वावर होतो. अभियंते ५०, परवाने १०. जो मागेल त्यास मोकळा असलेला परवाना मिळतो व काम संपताच तो परत येतो. यास ‘फिरता परवाना’ म्हणतात.

१९८० नंतरच्या दशकात सन, अपोलो, डिजिटल अशा निरनिराळ्या कंपन्यांचे संगणक एकाच जाळ्यात नांदू लागले, तेव्हा खरी अडचण उभी राहिली. यंत्रे वेगळी, त्यांच्या कार्यप्रणाली वेगळ्या, आणि प्रत्येक विक्रेता आपली मोजणी आपणच करणार! १९८८ मध्ये आलेल्या ‘फ्लेक्सएलएम’ या व्यवस्थेने येथे कामाची वाटणी केली. दाराशी एक सामाईक द्वारपाल; त्याच्यामागे प्रत्येक विक्रेत्याचा स्वतःचा कारकून. (परिभाषेत या दोघांसही ‘डीमन’ म्हणतात.) द्वारपाल आलेली मागणी योग्य कारकुनाकडे धाडतो, इतकेच; मोजणी कारकून करतो. संदेशांची भाषा ठरलेली असल्यामुळे मागणारे यंत्र कोणत्या कंपनीचे आहे, याचे त्यास सोयरसुतक नसते.

परवान्यांची संख्या एका साध्या फाइलमध्ये लिहिलेली असते. ती कोणासही वाचता येते. परंतु कोणी दहाचे वीस केले, तर सोबतची गूढांकित सही जुळत नाही व कारकून ती ओळ नाकारतो. शिवाय ही फाइल बहुधा त्या एका यंत्राच्या इथरनेट-पत्त्याशी बांधलेली असते. ते यंत्र बिघडून बदलावे लागले, की विक्रेत्याकडून नवी फाइल येईपर्यंत पन्नासही अभियंत्यांचे काम खोळंबते.

म्हणून काही ठिकाणी हे काम ३ यंत्रांवर सोपवितात. त्यांपैकी २ चालू असेपर्यंत परवाने मिळत राहतात. एकच यंत्र पुरेसे का मानीत नाहीत? कारण जाळे मध्येच तुटले, तर दोन्ही तुकडे दहा-दहा परवाने वाटू लागतील. तिघांतील दोघांचे बहुमत मात्र एका वेळी एकाच बाजूस असू शकते.

वाचनालयाची उपमा एके ठिकाणी अपुरी पडते. वाचक गाव सोडून गेला, तर ग्रंथ अडकतो. संगणक अकस्मात बंद पडला, तर तुटलेला संपर्क ओळखून कारकून परवाना मोकळा करतो. अधिक त्रासदायक तो, जो आज्ञावली उघडी ठेवून घरी जातो. ठरावीक काळ न वापरलेला परवाना काढून घेण्याचा नियम कार्यालयास घालता येतो. परंतु रात्रभर चाललेली आकडेमोड कोणती आणि विसरून उघडी राहिलेली आज्ञावली कोणती, हे कारकुनास बाहेरून दिसत नाही. ते खुद्द आज्ञावलीनेच त्यास कळवावे लागते, आणि तशी सोय प्रत्येक विक्रेत्याने केलेली असतेच असे नाही.