तुळजापूरचा वेगवान गोलंदाज

परवा तुळजापुरात एका मोकळ्या प्लॉटवर पोरं टेनिस बॉलने खेळत होती. एक जण लांब रनअप घेऊन धावत येत होता. "कुणासारखी टाकतोस रे?" विचारलं, तर म्हणाला, "राजवर्धनदादासारखी!" म्हणून ही पोस्ट.

राजवर्धन हंगरगेकर आपल्या तुळजापूरचा. जन्म 10 नोव्हेंबर 2002.

सुरुवातीला तो ऑफस्पिन टाकायचा, वेगाकडे नंतर वळला. हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. असं वळताना रनअप, उडी, पाय टेकण्याची जागा, सगळं नव्याने बसवावं लागतं.

2020 मध्ये कोरोनाने वडील गेले. तरी 2022 च्या फेब्रुवारीत अँटिग्वात इंग्लंडला हरवून 19 वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता. त्याच स्पर्धेत आयर्लंडविरुद्ध 17 चेंडूंत नाबाद 39! म्हणजे बॅटही चालते.

लगेच आयपीएल लिलावात चेन्नईने 1.5 कोटींना घेतलं. मूळ किंमत 30 लाख. पहिला सामना मात्र 31 मार्च 2023 ला मिळाला. गुजरातविरुद्ध 36 धावांत 3 बळी: साहा, साई सुदर्शन, विजय शंकर.

माझी आवडती कामगिरी जुलै 2023 ची. कोलंबोत इमर्जिंग आशिया चषकात पाकिस्तान 'अ' विरुद्ध 42 धावांत 5 बळी!

वरिष्ठ भारतीय संघाची टोपी अजून बाकी आहे. ती मिळावी, असं मनापासून वाटतं.

वेगवान गोलंदाजीबद्दल किंवा जिल्ह्यातल्या क्रिकेटबद्दल काही विचारायचं असेल तर खाली लिहा. माहीत असेल ते नक्की सांगेन.