शेक घेतल्यावर दात काढण्याआधी

तोंडाच्या कर्करोगावर मुंबईच्या टाटा रुग्णालयात शेक, म्हणजे रेडिएशन, घेऊन रत्नागिरीतली आपली माणसे घरी येतात. त्यांच्यासाठी आम्ही एकच गोष्ट ठासून सांगतो : डॉक्टरांना शेकाचे कागद दाखवल्याशिवाय दात काढू नका.

शेकाने रोगाच्या पेशी मरतात, तशा हाडातल्या बारीक रक्तवाहिन्याही आक्रसतात. खालच्या जबड्याला रक्त मुळातच कमी मिळते. तिथला दात काढला तर जखम न भरता हाड उघडे पडून मरू लागण्याचा धोका असतो. शेकानंतर कित्येक वर्षांनीही हे घडते.

म्हणून शेकाआधीच दात तपासून घ्यावेत. काढण्याजोगे दात दोन-तीन आठवडे आधी काढले, तर जखम भरते. नंतर लाळ कमी होऊन दात लवकर किडतात. रोज दोनदा घासावेत. मशेरी, तंबाखू, दारू कायमची बंद.

हिरडीतून हाड दिसले, पू आला, ओठ बधिर झाला तर लगेच दाखवा. रोग परतला नाही ना, हेही तपासतात. सुरुवातीला औषधांनी भागते. हाड फार गेले असेल तर तेवढा भाग काढून पायाचे हाड बसवतात. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.