घोडे बघायला जाताना कुत्रं न्यावं का?

दिवाळी जवळ आली आणि अकलूजच्या घोडेबाजाराच्या गप्पा सुरू झाल्या, की पुण्या-मुंबईकडे गेलेली आमची मुलं फोन करतात. ‘‘चाचा, यंदा बाजार बघायला येतोय. टॉमीला आणू का? गाडीत जागा आहे.’’ आषाढात हाच प्रश्न बेलवाडीच्या रिंगणाबद्दल असतो आणि पुढे जत्रा-उरुसांतल्या घोड्यांच्या स्पर्धांबद्दल. हा प्रश्न मला विचारण्याचं कारण माझ्या कविता नव्हेत. माझे अब्बा नालबंद होते. बैलाला आणि घोड्याला नाल ठोकण्यात त्यांचं आयुष्य गेलं. माझं बालपण घोड्यांच्या पायांशी गेलं आणि तिथंच मला कुत्री भेटली.

ज्यांनी नालबंदाचं काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाल ठोकण्याआधी घोड्याचं खूर तासावं लागतं. आपण नखं काढतो तसंच ते. तासताना खुराच्या चंद्रकोरीसारख्या पांढुरक्या चकत्या खाली पडतात आणि कुत्र्यांना त्या फार आवडतात. त्यांच्या लेखी ती मिठाईच. अब्बा कामाला बसले की गल्लीतली चार-पाच कुत्री अर्धगोल करून बसत. पण अब्बांची एक शिस्त होती. पडलेल्या चकत्या ते लगेच उचलून उजव्या हाताला लांब फेकत. खाण्यासाठी कुत्रं घोड्याच्या मागच्या पायांत कधी येता कामा नये, एवढ्यासाठी. ‘‘घोडा कुत्र्याला लाथ मारत नाही, न दिसणाऱ्याला मारतो,’’ असं ते म्हणायचे. तेव्हा मला ते कोडं वाटायचं. पुढे वाचन झालं तेव्हा कळलं, की अब्बा अगदी नेमकं बोलत होते.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला सभोवतालचं जवळजवळ सगळं दिसतं. दोनच जागा सुटतात. एक कपाळासमोरची अगदी जवळची आणि दुसरी थेट शेपटीमागची. माणसाचे आणि कुत्र्याचे डोळे मात्र पुढे बघणारे. जे पळतं ते खाल्लं जाणारं आणि जे पुढे रोखून बघतं ते खाणारं, अशी निसर्गाची ढोबळ वाटणी आहे. घोडा कितीही माणसाळला, तरी मागून चार पायांचं काहीतरी दबकत येतंय म्हटल्यावर त्याच्या रक्तातला लांडगा जागा होतो. मग तो पळतो, आणि पळायला जागा नसेल तर लाथ मारतो. कुत्र्याचं नेमकं उलटं. पळणारी वस्तू दिसली की तिच्यामागे धावावं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणजे एकाचा स्वभाव पळण्याचा आणि दुसऱ्याचा पळणाऱ्याच्या मागे लागण्याचा. या दोघांना हलगी, भोंगे आणि हजारो माणसांच्या गर्दीत एकत्र आणायचं की नाही, असा हा प्रश्न आहे.

लगेच कुणी म्हणेल, मग आमच्या धनगरांचं काय? रास्त सवाल आहे. बारामती-इंदापूरकडचे मेंढपाळ पाऊस सरला की वाडा घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात. पुढे मेंढरं, मागे घोडी. घोड्यांच्या पाठीवर भांडीकुंडी, वाघरांच्या जाळ्या, कोंबड्या, कोवळी कोकरं, कधी एखादं लेकरूही. आणि त्या घोड्यांच्या पायांतून कुत्री निवांत चालत असतात. हे घोडं तेच ‘भीमथडी’. भीमेच्या थडीचं, म्हणजे काठचं. पेशवाईच्या फौजांत त्याचं नाव होतं. 2023-24 मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. आज ते टिकून आहे ते प्रामुख्याने या मेंढपाळांच्या वाड्यांवर. फौजा गेल्या, सरदार गेले, घोडं राहिलं ते धनगराकडे!

पण या दोस्तीचं कारण साधं आहे. शिंगरू जन्मतं तेव्हा कुत्रं तिथंच असतं आणि कुत्र्याची पिल्लं घोड्याच्या सावलीत डोळे उघडतात. घोडीनं एकदा कान मागे पाडले की किती अंतरावर थांबायचं, हे त्या पिल्लाला पहिल्या महिन्यातच कळतं. तुमच्या-आमच्या फ्लॅटमधल्या कुत्र्यानं घोडा पाहिलेला असतो तो फार तर वरातीतला, तोही बाल्कनीतून. विलायतेतही हेच दिसतं. डालमेशियन जातीची ठिपक्यांची कुत्री एके काळी घोडागाड्यांबरोबर मैलोन्‌मैल धावत. ती लहानपणापासून तबेल्यात वाढवलेली असत.

आणि जेजुरीचा खंडोबा कसा विसरावा? आमच्या भागात घरोघरच्या देव्हाऱ्यातल्या टाकांवर तो घोड्यावर बसलेला आणि सोबत कुत्रं असं दिसतं. त्याचे वाघ्ये स्वतःला त्याचं कुत्रंच म्हणवतात. आमच्या धर्मात कुत्रं घरात ठेवण्याबद्दल हात आखडता आहे, पण राखणीच्या, शिकारीच्या आणि मेंढरांच्या कुत्र्याला मुभा आहे. गुहेत झोपी गेलेल्या सज्जनांच्या गोष्टीत उंबऱ्याशी पाय पसरून बसलेला कुत्रा तर कुराणातच आहे. तेव्हा घोडा आणि कुत्रं यांचं वैर आहे, असं मी कुठल्याही बाजूनं म्हणणार नाही. वैर नसतं. ओळख नसते.

आता माझी गोष्ट. ती सांगताना मला अजूनही बरं वाटत नाही. इंदापूर तालुक्यातल्या एका गावचा उरूस होता. संध्याकाळी नाचणाऱ्या घोड्यांची स्पर्धा. पुतण्या पुण्याहून त्याचं लॅब्राडोर घेऊन आला होता. गरीब जनावर, माशीलाही न दुखवणारं. गळ्यात तो लांबणारा पट्टा, बटण दाबलं की दोरी सुटत जाते तो. पुतण्या चहा आणायला गेला आणि पट्टा माझ्या हातात देऊन गेला. एक अबलख घोडी हलगीच्या ठेक्यावर पाय उचलत होती. पाठीवर मालकाचा दहा-अकरा वर्षांचा नातू. मी त्या घोडीच्या पायांकडे बघत राहिलो. नालबंदाचा मुलगा ना मी! नाल कुणी ठोकले असतील, याचा विचार करत होतो. हातातली दोरी किती सुटली, ते कळलंच नाही.

कुत्रं शेपूट हलवत, खेळायला म्हणून, घोडीच्या थेट मागून गेलं आणि एकदाच भुंकलं. घोडीनं दोन्ही मागचे पाय झाडले. कुत्रं हवेत उडालं. घोडी उधळली आणि पोरगं खाली आलं. त्याचं मनगट मोडलं. कुत्र्याचा जबडा सांधला, पण एक डोळा गेला. मुलगा टापांखाली आला नाही, हे त्याचं आणि माझं नशीब.

दवाखान्यात मी मुलाच्या आजोबांपुढे हात जोडून उभा राहिलो. ते म्हणाले, ‘‘कुत्र्याला काय म्हनायचं, भाई? दोरी तुमच्या हातात व्हती.’’ आवाज चढवला नाही. खर्चाचे पैसे घेतले, पण माझ्या हातून नाही; पुतण्याकडून घेतले.

त्यामुळे आता कुणी विचारलं तर मी असं सांगतो. रिंगणाला कुत्रं न्यायचंच नाही. तुकोबांच्या पालखीचं पहिलं गोल रिंगण बेलवाडीला होतं, पुढचं इंदापुरात. पताकावाले, तुळशीवाल्या आणि विणेकरी धावून झाले की घोडे सुटतात. त्यांतला एक घोडा बिनस्वाराचा, म्हणजे लगाम आवरायला पाठीवर कुणी नसतं. चहूकडून माणसांची भिंत. त्या गोलात एक कुत्रं शिरलं तर घोडा वळेल कुठं? माणसांतच. काटेवाडीला पालखीभोवती मेंढरं धावतात, तिथंही घरचं कुत्रं नको. मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गावात ते पाहुणं असतं, आणि अशा पाहुण्याचं स्वागत कसं होतं ते आपण जाणतोच.

बाजारात किंवा प्रदर्शनात न्यायचंच असेल तर आधी आयोजकांना विचारा. परवानगी असली तर आखूड, पक्का पट्टा घ्या आणि तो मोठ्या माणसाच्या हातात राहू द्या. त्या माणसानं त्या दिवशी घोडे बघायचे नाहीत, कुत्रं बघायचं. घोड्यापासून निदान दोन घोड्यांच्या लांबीइतकं अंतर ठेवा. मागून जाऊ नका, घोड्याला दिसेल असं बाजूनं जा. घोड्याचे कान मागे चिकटले किंवा तुमचं कुत्रं एकटक बघत ताठरलं, की बोलत न बसता उलटं फिरा.

रेबीजची लस दिली नसेल तर प्रश्नच मिटला, घरीच ठेवा. चावल्यामुळे घोड्यालाही रेबीज होतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर कुणीच वाचत नाही. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. घोड्यांना जंतासाठी आयव्हरमेक्टिन नावाचं औषध देतात. घोड्याच्या मापाचा तो डोस कुत्र्याला विषासारखा लागू शकतो आणि कोलीसारख्या काही जातींना तर फारच थोडा पुरतो. सांडलेलं औषध किंवा औषध दिलेल्या घोड्याची लीद कुत्रं चाटतं आणि मालकाला पत्ताही नसतो. उन्हाचं वेगळं सांगायला नको. घोडे बघून येईपर्यंत म्हणून काचा लावलेल्या गाडीत कुत्रं कोंडून जाणाऱ्यांना मी तर तिथंच अडवतो. गाडीची थोड्याच वेळात भट्टी होते.

एवढं ऐकून बहुतेक जण कुत्रं घरीच ठेवतात. काहींना राग येतो, येऊ दे.

पुतण्याचं ते एका डोळ्याचं कुत्रं आता म्हातारं झालंय आणि बारामतीला माझ्याकडेच असतं. मागच्या आषाढात मी आणि पुतण्या बेलवाडीला गेलो, तेव्हा त्याला पाणी भरून अंगणात ठेवलं, शेजारच्या वहिनींना लक्ष ठेवायला सांगितलं. रिंगण झालं. लोक टापांखालची माती कपाळाला लावत होते. पुतण्यानं लावली, मीही चिमूटभर रुमालात बांधून घेतली. अब्बांची आठवण म्हणून. संध्याकाळी घरी आलो. कुत्रं नेहमीसारखं धावत दारापर्यंत आलं, माझ्या पायजम्याचा वास घेतला, रुमालाचा घेतला आणि मुकाट्यानं बाजेखाली जाऊन बसलं.