ग्राफाइटला बोरॉनचे कवच

ग्राफाइट सहसा वितळत नाही. ३,६०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची थेट वाफ होते. मात्र हा दरारा हवा नसेल तोवरच. मोकळ्या हवेत साडेचारशे-पाचशे अंशांनाच ऑक्सिजन त्याला खाऊ लागतो. लोखंडावर निदान गंज तरी साचतो. इथे कार्बन वायू होऊन निघून जातो आणि वस्तू झिजत राहते.

याची सर्वात मोठी झळ पोलाद वितळवणाऱ्या विजेच्या भट्ट्यांना बसते. त्यांत उभे सोडलेले ग्राफाइटचे जाड दांडे, म्हणजे इलेक्ट्रोड, टोकाला विद्युतज्योतीने झिजतात. पण लालबुंद झालेल्या बाजूही हवेत जळून दांडा खाली निमुळता होत जातो. एकूण खपात या बाजूच्या जळण्याचा वाटा बराच मोठा असतो.

ग्राफाइट दिसायला घट्ट असले तरी इलेक्ट्रोडच्या आकारमानाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग बारीक छिद्रांचा असतो. हवा आतवर शिरते, त्यामुळे वरवरचा लेप पुरत नाही. म्हणून वस्तू बंद टाकीत ठेवून छिद्रांतली हवा पंपाने ओढून घेतात आणि बोरिक आम्लाचे गरम द्रावण दाबाने आत मुरवतात. कॅरमवर भुरभुरतात ती पांढरी पावडरही बहुधा बोरिक आम्लाचीच. वस्तू सुकवून तापवली की आम्लातले पाणी टप्प्याटप्प्याने उडते आणि बोरॉन ऑक्साइड उरते. ते वितळते सुमारे ४५० अंशांना, म्हणजे ग्राफाइट जळू लागते नेमके तेव्हा. ऑक्सिजनचा हल्ला मुख्यतः ग्राफाइटच्या थरांच्या कडांवर होतो. हा काचेसारखा द्रव त्या कडा झाकतो, छिद्रे बुजवतो. सोनार डाग देताना सवागी लावतो, तीही बोरॉनचेच संयुग. वितळून धातूला हवेपासून झाकण्याचे तिचे काम याच जातीचे.

दुसरा मार्ग बोरॉन कार्बाइडचा. त्याची पूड कच्च्या मिश्रणातच घालतात. तापल्यावर ती स्वतः ऑक्सिजन घेते आणि अडीचपटीहून अधिक जागा व्यापणारे ऑक्साइड तयार करते, त्यामुळे नव्या भेगाही भरून निघतात. वितळलेले पोलाद ठेवण्याच्या पात्रातल्या (लॅडलमधल्या) मॅग्नेशिया-कार्बन विटांमध्येही ती वापरतात.

हे कवच अभेद्य नाही. हजार अंशांपुढे बोरॉन ऑक्साइड उडू लागते. पाण्याची वाफ असेल तर त्याहून कमी तापमानालाच बोरिक आम्लाची वाफ होऊन ते निसटते. इलेक्ट्रोड थंड ठेवण्यासाठी त्यांवर पाणी फवारतात, त्यामुळे ही अडचण किरकोळ नाही. पावसाळ्यात नुसत्या साठवणुकीतही ऑक्साइड दमट हवेतले पाणी ओढून घेते. उपाय म्हणून सिलिकॉन कार्बाइड सोबत घेतात. त्यातून होणारी बोरोसिलिकेट काच अधिक चिकट असते आणि सहज उडत नाही.

एका ठिकाणी मात्र बोरॉनला सक्त मज्जाव आहे. नैसर्गिक बोरॉनचा सुमारे पाचवा हिस्सा बोरॉन-१० असतो आणि तो न्यूट्रॉन गिळतो. तुर्भे येथील सायरस अणुभट्टीत (१९६०–२०१०) ग्राफाइट न्यूट्रॉन परतवण्यासाठी बसवले होते. अशा ग्राफाइटमधून उलट बोरॉनचा अंशही काढून टाकावा लागतो. तिथे तापमान कमी राखणे किंवा हवा दूर ठेवणे हेच मुख्य मार्ग उरतात. उच्च तापमानाच्या काही अणुभट्ट्यांत उष्णता वाहून नेण्यासाठी हेलियम खेळवतात. तो ग्राफाइटला हातही लावत नाही.