बातम्या सांगणारा माणूस कामगार आहे काय?



आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कोर्टाच्या निकालांवर बोट ठेवून एकेक ओळ वाचता वाचता. त्या वाचनात फिलिपाईन्सच्या सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल हाती लागले. तिन्ही निकाल प्रसारणाच्या धंद्यात राबणाऱ्या माणसांचे. ते नीट समजावेत म्हणून त्या देशातील एका सायंकालीन वार्तापत्राची हकीकत आधी सांगावयास हवी.

त्याचे नाव ‘टीव्ही पॅट्रोल’, म्हणजे दूरचित्रवाणीची गस्त. सप्टेंबर १९७२ मध्ये मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला, तेव्हा ए.बी.एस.-सी.बी.एन. ही खाजगी प्रसारणसंस्था सरकारने बंद करून ताब्यात घेतली. १९८६ च्या लोकउठावात मार्कोस देश सोडून गेले आणि संस्था पुन्हा उभी राहिली. २ मार्च १९८७ रोजी तिने हे वार्तापत्र सुरू केले. नोली दे कास्त्रो, मेल त्यांको, फ्रँकी इव्हँजेलिस्टा आणि अँजेलिक लाझो हे पहिले चार निवेदक. हवामान सांगावयास एर्नी बॅरन. भाषा साहेबी इंग्रजी नव्हे, बाजारात बोलली जाणारी टागालोग. आग, खून, पूर, अपघात यांना त्यात मानाचे पान.

दे कास्त्रो हा रेडिओवर तयार झालेला आवाज. लोक त्यांना ‘काबायान’ म्हणू लागले, म्हणजे आपल्या मुलखाचा माणूस. रोज संध्याकाळी घरात येणारा माणूस घरचाच होतो! २००१ साली ते सिनेटला उभे राहिले आणि देशात सर्वाधिक मते घेऊन निवडून आले. २००४ साली उपराष्ट्राध्यक्ष झाले. त्या लढतीत त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या लोरेन लेगार्दा याही त्याच संस्थेच्या जुन्या वृत्तनिवेदिका. मुदत संपताच, २०१० मध्ये, गृहस्थ पुन्हा निवेदकाच्या खुर्चीत येऊन बसले.

खुर्चीवर माणसे बदलत राहिली. मेल त्यांको १९९६ मध्ये प्रतिस्पर्धी जी.एम.ए.कडे गेल्या आणि २००४ मध्ये तेथे ‘२४ ओरास’ हे तोडीस तोड वार्तापत्र निघाले, तेव्हा त्याच्या निवेदिका झाल्या. इकडे कोरिना सांचेझ, टेड फेलॉन, ज्युलियस बबाओ, कॅरन दाविला, बर्नडेट सेम्ब्रानो अशी माणसे आली. हेन्री ओमागा-दियाझ यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये निरोप घेतला व त्यांची जागा आल्विन एल्चिको यांनी घेतली.

आता मूळ प्रश्न. या खुर्चीवर बसणारा माणूस कामगार की ठेकेदार? आपण म्हणाल, लाखांनी कमावणाऱ्यांची चिंता युनियनवाल्यास कशाला? चिंता आहे ती त्याच्या नावाने लिहिलेल्या कराराची, कारण तोच करार खाली उतरत उतरत अठ्ठावीस हजारवाल्याच्या गळ्यात पडतो.

पहिला निकाल जून २००४ चा. मेल त्यांको यांच्यासह कार्यक्रम करणारे जे सोन्झा यांनी आपण या संस्थेचे नोकर आहोत असा दावा केला होता. करार पहिल्या वर्षी दरमहा ३,१०,००० पेसोंचा. न्यायालयाने चार गोष्टी पाहिल्या: माणूस निवडला कोणी, पगार देतो कोण, काढू शकतो कोण, आणि काम कसे करावे हे ठरवितो कोण. शेवटची कसोटी सर्वांत मोठी. सोन्झा यांना त्यांच्या खास गुणांसाठी आणि नावासाठी घेतले होते, काय बोलावे व कसे बोलावे हे त्यांच्या हाती होते. म्हणून ते स्वतंत्र ठेकेदार ठरले.

दुसरा निकाल सप्टेंबर २००६ चा, त्याच संस्थेच्या सेबू केंद्रातील निर्मिती साहाय्यकांचा. यांना कोणी ओळखत नाही, रस्त्यात थांबवून कोणी सही मागत नाही. युनियनशी झालेल्या करारातून व्यवस्थापनाने त्यांना बाहेर ठेवले होते. न्यायालयाने सांगितले, हे कायम कामगार आहेत. कराराचे लाभ यांना द्या.

तिसरा जून २००७ चा, दुसऱ्या एका वाहिनीवरील वृत्तनिवेदिकेचा. पगार दरमहा २८,००० पेसो. करार थोड्या थोड्या मुदतीचा, आणि त्याचे नूतनीकरण चार वर्षे चालले. आमच्या गिरणगावात ज्याला बदली कामगार म्हणत, त्याचीच ही पडद्यावरची बहीण. न्यायालयाने ओळखले की मालकाशी बरोबरीने घासाघीस करण्याचे बळ हिच्यापाशी नव्हते आणि कामावर ताबा कंपनीचा होता. ती नोकरच ठरली. पडद्यावर चेहरा दिसला म्हणून कोणी ठेकेदार होत नाही, हा या निकालाचा अर्थ.

पण गोष्ट येथे संपली असती तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. त्या देशात प्रसारणाचा परवाना संसद कायद्याने देते. संस्थेचा पंचवीस वर्षांचा परवाना ४ मे २०२० रोजी संपला. राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांचा संस्थेवरील राग जगजाहीर होता. ५ मे रोजी बंदीचा हुकूम आला आणि त्या संध्याकाळी ‘टीव्ही पॅट्रोल’ संपल्यावर वाहिनी काळी झाली. १० जुलै रोजी संसदीय समितीने ७० विरुद्ध ११ मतांनी नवा परवाना नाकारला. संस्थेवरील आक्षेपांत एक आक्षेप काय होता? ती कामगारांना कंत्राटी ठेवते! कामगारांचे दुःख हत्यार म्हणून उचलले गेले आणि घाव बसला तो कामगारांवरच. सुमारे ११,००० माणसांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला आणि ऑगस्टअखेर हजारो घरी बसले. २८ ऑगस्टला वार्तापत्राच्या प्रांतोप्रांतीच्या आवृत्त्याही बंद पडल्या. मुख्य वार्तापत्र मात्र केबल व इंटरनेटच्या वाटेने मे महिन्यातच परत आले होते.

मालकाने अन्याय केला असेल, तर त्याचा इलाज न्यायालयात आहे, वाटाघाटीत आहे, संपात आहे. कारखान्याला टाळे ठोकण्यात नाही. सेबूच्या साहाय्यकांना हक्क मिळाला तो संस्था चालू होती म्हणून. दुसऱ्याने आपल्या नावाने रडायला सुरुवात केली की कामगाराने आधी विचारावे: बाबा रे, उद्या माझी हजेरी कोण लावणार?

आज घरी जाऊन बातम्या लावाल, तेव्हा निवेदकाकडे पाहाच; पण त्याच्या हाती कागद देणाऱ्याचा करार किती महिन्यांचा आहे, हाही विचार मनात येऊ द्या.